वयोमानाप्रमाणे ठीक

बटणाच्या कडेला नखाएवढी एक खाच पडली होती आणि त्या खाचेत मळ बसला होता — कुणाकुणाच्या अंगठ्यांचा, वर्षानुवर्षांचा — आणि स्पिरिटचा बोळा कितीही फिरवला तरी तो तसूभर हलत नव्हता. ती तरी फिरवत राहिली. शनिवार, अर्धा दिवस. शेवटचे आजोबा मुलीचा हात धरून जिना उतरून गेले होते, बाहेरच्या खोलीत झाडू फिरत होता, आणि कान तपासायच्या त्या कपाटाएवढ्या बंद खोलीत ती एकटी बसली होती. बटण मुठीत मावेल एवढे. आवाज ऐकू आला की दाबायचे, नाही आला तर नाही दाबायचे. एवढे सोपे काम. पण माणसे दाबतात. ऐकू आले नाही तरी दाबतात, घाबरून दाबतात, मुलगी काचेतून बघतेय म्हणून दाबतात... आणि दादा, दादा तर तालात दाबत होता.

आठ महिने झाले त्याला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, चौतीस वर्षे गाण्याबजावण्याचे रेकॉर्डिंग करण्यात गेलेली, आणि कान असा की परक्या घरात पाऊल टाकले की चप्पल काढायच्या आधी सांगायचा, तुमच्या ट्यूबलाइटचा चोक जायला आलाय. अशा माणसाला ती गंमत म्हणून घेऊन आली होती. साठीनंतर सगळ्यांनी एकदा तपासून घ्यावे, असे ती जगाला सांगते, मग घरच्या माणसाला का नाही? तोही गमतीतच आत बसला. तीन-साडेतीन सेकंदांनी ती एकेक आवाज सोडते हे त्याने दोन मिनिटांत हेरले असावे — हेरले म्हणजे ठरवून नव्हे, त्याच्या बोटांनीच हेरले — आणि वरच्या आवाजांना, जिथे त्याला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते, तिथे तो त्या अंदाजाने दाबत राहिला. मी हात आखडता घेतला. काहीच सोडले नाही. आणि काचेपलीकडे माझा भाऊ डोळे मिटून, हनुवटी किंचित वर करून, चांगले गाणे ऐकताना त्याचा चेहरा होतो तसा चेहरा करून, शांततेवर बटण दाबत होता.

आलेख तिच्या खणात अजून आहे. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. दोन्ही अर्ध्या वाटेपर्यंत शेजारी शेजारी शहाण्यासारखे चालतात आणि मग घसरगुंडीवरून सुटल्यासारखे एकदम खाली. खालचे, भरीव आवाज शाबूत. वरचे, बारीक, चिरचिरीत — शब्दांतला स, फ, पाखरे, घड्याळाचा गजर, कागदाची सळसळ — गेलेले. असे आलेख ती दिवसाला चार-पाच काढते आणि समोरच्या माणसाला शांतपणे सांगते. सांगायची पद्धत आहे, शिकवतात ती. समोर बसायचे, उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा, ओठ दिसले पाहिजेत, घाई करायची नाही. ती तशीच बसणार होती. कागद हातात घेऊन उठलीसुद्धा होती. तेवढ्यात दादा दार उघडून बाहेर आला, विस्कटलेले केस नीट करत हसला, आणि म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई? बाबा झालो का मी?"

बाबा झालो का मी.

आता हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. त्यांच्या बाबांना शेवटची दहा वर्षे ऐकू येत नव्हते, आणि त्या घरात ती दहा वर्षे सगळ्यात मोठी करमणूक बाबांच्या कानांची होती. जेवताना दादा बाबांकडे बघून नुसते ओठ हलवायचा, आवाज काढायचाच नाही. बाबा घास थांबवून, डोळे बारीक करून बघायचे आणि मग मान डोलवायचे, "हो, हो, बरोबर आहे." ती तोंडात पदर... पदर कसला, ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसायची. एकदा बाबाही हसले. सगळे हसताहेत म्हणून हसले. पुढे तिने हेच काम शिकायचे ठरवले तेव्हा लोकांना वाटले, मुलीला वडिलांचा किती कळवळा. आणि तिनेही तसे वाटू दिले.

तर, बाबा झालो का मी. आणि ती म्हणाली, "छे, काहीतरीच." कागदाची घडी घातली. लेटरहेडवर आपल्या नेटक्या अक्षरात लिहिले: वयोमानाप्रमाणे ठीक. सही केली, शिक्का मारला. खोटे नव्हतेच ते, हीच तर त्यातली गोम. त्या वयाच्या शंभरांतल्या साठांचे असेच असते, मग वयोमानाप्रमाणे ठीक नाही तर काय? दादाने कागद वाचला, आणि माणसे करतात तेच केले. वयोमान तिथेच टाकले आणि 'ठीक' तेवढे घरी नेले.

फोन वाजला. दादाच.

"निघालीस का? येताना एक वायर घेऊन ये. लाल-पांढरी जोडी, एक मीटरची. दुकानवाल्याने एकच जोडी दिलीय आणि डबे दोन. दोन्ही एकदम जोडल्याशिवाय तुलना कशी करणार?"

"आणते."

"काय?"

"आणते म्हटलं."

"कुठूनही आण. त्या मिस्त्रीकडून तेवढी नको." मग जरा थांबून, "आणि वेळ घेऊन ये बाई. आज निकाल लावायचाय. संध्याकाळी माणूस डबा न्यायला येणार. एक ठेवायचा, एक परत."

डबे म्हणजे स्ट्रीमर. गेले दोन महिने घरात दुसरा विषय नाही. इंटरनेटवरून गाणी आणायची आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची, एवढ्यासाठी एक छोटा डबा लागतो. पण त्या एवढ्याशा डब्याचे इतके प्रकार, इतकी मते, की दादाने एक दोनशे पानी वही भरत आणली होती. कुणाच्या आत आकड्यांपासून आवाज बनवणारे यंत्र चांगले, कुणाला ते बाहेरून वेगळे जोडावे लागते, कुणाचे फोनवरचे अ‍ॅप मध्येच मान टाकते, कोण वायरने चालतो, कोण बिनवायरचा. मुलीला स्थळे बघितली नसतील एवढी त्याने यांची चौकशी केली. लोक म्हणत, निवृत्त माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच. पण ती जाणून होती. विरंगुळा नव्हता तो. दादा एक हरवलेली गोष्ट शोधत होता.

एक श्वास.

सव्वीस वर्षांपूर्वी त्याने एका व्हायोलिनवाल्या बाईंचे रेकॉर्डिंग केले होते. रेकॉर्ड निघाली, फार खपली नाही, आणि दादाच्या मते आयुष्यात एवढे एकच काम त्याने निर्दोष केले. त्यात दुसऱ्या बाजूला, संथ भाग सुरू व्हायच्या आधी, बाई श्वास घेतात. नाकातून, बारीक, रेशमी कापड ओढल्यासारखा. कंपनीवाले म्हणाले, काढून टाका. दादा अडून बसला, श्वास राहील नाहीतर माझे नाव काढा. श्वास राहिला. आल्यागेल्याला तो ती बाजू लावायचा आणि बोट वर करायचा — आता... हं! — आणि पाहुणे ओशाळून माना डोलवायचे, त्यांना मेल्यांना काय कळतेय.

आणि गेल्या वर्षी, रेकॉर्ड प्लेअरची सुई बदलून घेतल्यानंतर, तो श्वास येईनासा झाला.

आता ते रेकॉर्डिंग कुणीतरी मूळ टेपवरून नव्याने इंटरनेटवर चढवले होते. दादाला ते कळले आणि तेव्हापासून स्ट्रीमरची ही घोडदौड.

तिने बटण हुकाला अडकवले, दिवे घालवले, खाली आली. वायर कुठूनही मिळाली असती. दोन चौक सोडून मोठे दुकान होते, काचेचे, थंडगार. पाय मात्र डावीकडच्या अरुंद रस्त्याला लागले, आणि मी त्यांना अडवले नाही. कधीकधी माणूस आपल्याच पायांवर ढकलून मोकळा होतो.

मिस्त्रीचे दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. वरपर्यंत उघडी पडलेली यंत्रे, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मध्ये एक दिवा, एक गोल भिंग आणि त्यामागे मिस्त्री. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. दादा आणि ते तीस वर्षे दर शुक्रवारी भेटत, एक यंत्र उघडून बसत आणि दोन म्हाताऱ्या बायका भाजी निवडताना बोलतात तसे बोलत. रेकॉर्ड प्लेअरची सुई त्यांनीच बदलली होती. त्यानंतर महिनाभरात दादाने त्यांना घरी बोलावून, वहिनीच्या देखत, सुनावले: हलकी सुई घातलीस, रेकॉर्डची प्लेट खरवडलीस, माझ्या बाईंचा श्वास खाल्लास. त्या दिवशी मिस्त्री चहा अर्धा टाकून उठले, ते पुन्हा आले नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशीचा कागद कुणाच्या शिक्क्याचा? कारण दादाने आधी स्वतःवरच संशय घेतला होता. म्हणून तर तो इतक्या सहज तपासायला आला. 'ठीक' मिळाल्यावर मग उरले कोण?

"या ताई," मिस्त्री म्हणाले. स्टूल पुसून दिले. "बऱ्याच दिवसांनी."

"वायर हवी होती. लाल-पांढरी, एक मीटर."

त्यांनी विचारले नाही कशाला. खोक्यातून एक काढली, तिच्या दोन्ही टोकांच्या पिना फुंकर मारून, फडक्याने पुसून, मीटरला लावून पाहिल्या. नवीच होती, तरी पाहिल्या. तो मीटरचा काटा हलला तेव्हा तिला उगाच भरून आले.

"दादा बरे?"

"बरे आहेत."

"स्ट्रीमर घेताहेत असं कानावर आलं. घेऊ देत. चांगली चीज आहे." वायरीची गुंडाळी करता करता ते म्हणाले, "सुईची डबी मी ठेवलीय ताई. त्याच कंपनीची, त्याच नंबरची. दाखवायला गेलो असतो, पण... म्हटलं, राहू दे. माणसापेक्षा डबी मोठी नाही."

ती वायरीकडे बघत होती.

"एक विचारू? रागावू नका." त्यांनी भिंग बाजूला सरकवले. "तुमचं कामच ते, म्हणून विचारतो. दादांचे कान तपासलेत का कधी?"

इथे. ही जागा होती. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते, मिस्त्री थेट तिच्याकडे बघत होते, उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. पुस्तकात लिहितात तशी सगळी तजवीज होती. आणि ती — मी — मी म्हणाले, "तपासलेत की. ठीक आहेत."

यावेळी वयोमानसुद्धा नाही. नुसते ठीक.

मिस्त्रींनी हळूहळू मान हलवली. चिडले असते तर बरे झाले असते. म्हणाले, "मग माझाच हात चुकला असणार." हात दिव्याखाली धरला, उलटा-सुलटा करून पाहिला, जणू तोही दुरुस्तीला आला होता. "हल्ली जरा कापतो. सकाळी नाही, दुपारनंतर. मला वाटायचं, कामात येत नाही. पण दादांचा कान खोटं सांगायचा नाही, तुम्ही तपासलाय म्हणता... परवा एक सुईचं काम आलं होतं, परत पाठवलं. म्हटलं, नको. दुसऱ्या कुणाची प्लेट खराब व्हायची."

वायर पिशवीत टाकून ती बाहेर पडली तेव्हा 'येते' म्हणायचेही राहून गेले. कानशिले तापली होती. एक शब्द, दोन अक्षरांचा — आणि त्याने आता दुसरा माणूस धरला. एकाचे कान झाकायला काढलेला शब्द दुसऱ्याच्या हातांवर जाऊन बसला, आणि तो भला माणूस भिंगाखाली धरून स्वतःचा हात तपासत बसणार. वर मी त्याच्याकडून वायर घेऊन आले. लाज कशी ती नाहीच! चालता चालता ती स्वतःशी वाक्ये जुळवू लागली: दादा, तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. दादा, तो आलेख बघशील का एकदा? दादा, हल्ली कानात घालायची यंत्रं इतकी लहान असतात... प्रत्येक वाक्य रस्ता ओलांडेपर्यंत टिकायचे. आणि तिला हेही ठाऊक होते, रोज लोकांना सांगत होती ती, की जितके दिवस कान रिकामे राहतात तितके आवाज ओळखायचे मेंदू विसरत जातो. आठ महिने. मी नुसते खोटे बोलले नव्हते, मी त्याचे दिवस घालवत होते.

वहिनीने दार उघडले. कपाळावरचा घाम मनगटाने पुसत, डोळ्यांनीच आत खूण केली. "या वन्सं. सकाळपासून परीक्षा चाललीय. मला दोनदा नापास केलं. ऐकू येईना, मशीन वाकडं, अशातली गत."

ती दचकली. वहिनी हसत होती. म्हणीची मोडतोड करायची तिला सवयच होती. पण वहिनी आत वळली, दादाच्या खुर्चीला वळसा घालून त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि मग म्हणाली, "अहो, वन्सं आल्यात." कधीपासून अशी समोर जाऊन बोलायला लागली ही?

"आलीस? ये. दार लाव, रस्त्याचा आवाज येतो," दादा म्हणाला. रस्त्याचा आवाज त्याला येत होता. गाड्यांची घरघर खालची, जाडजूड. खिडकीबाहेरच्या झाडावर चार-पाच पाखरे जिवाच्या आकांताने भांडत होती. "यंदा पाखरंही कमी झालीत बघ," तो म्हणाला.

फडताळावर दोन डबे शेजारी शेजारी. एक साबणाच्या वडीएवढा, काळा, त्याला बाहेरून जोडलेले आवाजाचे यंत्रही तेवढेच. दुसरा रुंद, समोर काच, काचेत गाण्याचे चित्र. दादाने त्यांची नावे ठेवली होती, धाकटा आणि थोरला. त्यांच्या वर, फडक्याखाली झाकलेला रेकॉर्ड प्लेअर. तिने वायर दिली, दादाने टोके निरखली, "चांगली आहे, कुठली?" म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता खुर्चीमागे वाकून जोडू लागला. लाल ते उजवे. त्याच्या कामातही उजवे लाल, तिच्या कामातही. याचा दोघांनी पूर्वी कधीतरी विनोद केला होता.

"आता ऐक," तो म्हणाला. "तू मागे उभी राहा. दोन्ही डब्यांवर एकच गाणं एकदम चालू आहे. हे बटण इकडे फिरवलं की धाकटा, तिकडे फिरवलं की थोरला. तू मनाला येईल तसं फिरव, मला सांगू नकोस. मी ओळखतो. दहा वेळा. वहीत लिही."

तो खुर्चीत बसला. डोळे मिटले. हनुवटी किंचित वर केली.

ती मागे उभी राहिली. तोच चेहरा, तीच मान. काच तेवढी नव्हती. तिने बटण फिरवले. "थोरला," दादा म्हणाला. धाकटा होता. फिरवले. "धाकटा." बरोबर. न फिरवताच नुसता बटणाचा टक आवाज केला. "थोरला! काय उघडला बघ आवाज." तिने वहीत फुली मारली, गोल मारला, फुली, फुली, गोल. दहांतले पाच. नाणे उडवले असते तरी पाचच आले असते. पण खरे सांगायचे तर तिलाही फरक कळत नव्हता. तिच्या चांगल्या, दर सहा महिन्यांनी तपासलेल्या कानांना दोन्ही डबे एकसारखेच गोड लागत होते. सुटकेचा केवढा मोह होता त्यात. डबे सारखेच आहेत दादा, कुणालाच ओळखू आले नसते. हेही खरेच. माझ्यापाशी खऱ्या गोष्टींचा तोटा कधीच नव्हता.

"किती?"

"पाच," ती मोठ्याने म्हणाली.

दादाने बोटांनी खुर्चीच्या हातावर ठोकले. "म्हणजे उन्नीस-बीस. मग ते राहू दे," तो म्हणाला, आणि आवाज एकदम खाली आला त्याचा, "खरी परीक्षा दुसरीच आहे." फोनवर काहीतरी दाबले. व्हायोलिन सुरू झाले. ती रेकॉर्ड, दुसरी बाजू, शेवटचे द्रुत वळण. मग सूर ओसरला. थांबला. दादाने बोट वर केले.

आणि बाईंनी श्वास घेतला. खोलीत, तिच्यापासून हातभर अंतरावर, इतका जवळून की तिच्या मानेवर काटा आला. सव्वीस वर्षांपूर्वीची कुणी बाई, जिवंत, काहीतरी अवघड सुरू करायच्या आधी धीर गोळा करणारी.

दादाचे बोट वरच होते. संथ भागाचा पहिला सूर लागला तसे ते खाली आले. तो वळला नाही. विचारले, "आला?"

तिने वहीतला शेवटचा गोल उगाच पुन्हा गिरवला.

"सांग ना. श्वास. आला का?" आता तो वळला, आणि त्याच्या डोळ्यांत जे होते ते तिने रोज काचेपलीकडे पाहिले होते, हजारदा, अनोळखी माणसांच्या डोळ्यांत. पहिल्यांदाच तिच्या लक्षात आले की दादाला भीती वाटतेय. आणि ती भीती आजची नव्हती.

"आला," ती म्हणाली.

"दोन्ही डब्यांत?"

तिने बटण फिरवले. त्याने गाणे मागे नेऊन पुन्हा लावले. श्वास. "दोन्हीत."

आता कळेल, तिला वाटले. मला येतो आणि त्याला येत नाही; एवढे पुरे आहे, बाकीचे तो स्वतः जोडेल, चौतीस वर्षे हेच तर केले त्याने. तिला बरे वाटले, भलतेच बरे वाटले. सांगावे न लागता सांगून झाले. पण दादाचा चेहरा उजळत गेला. त्याने मांडीवर थाप मारली.

"बघ! मी म्हणत होतो की नाही? टेपवर आहे, डब्यांतून येतोय, म्हणजे प्लेटच खराब झाली. त्या मिस्त्रीनेच घालवला." आणि पुन्हा समोर वळून, फोनवर गाणे मागे नेऊन, डोळे मिटून, "परत ऐकू. हो... येतोय. आता येतोय मला. किती स्वच्छ."

श्वास अजून यायचा होता. गाणे अजून द्रुत भागातच होते.

तो माझ्या कानांनी ऐकत होता. मी 'आला' म्हटले म्हणून त्याला आला, जसे मी 'ठीक' म्हटले म्हणून तो ठीक होता. आणि फडक्याखालचा तो प्लेअर... सुई बदलल्यानंतर दोन आठवड्यांनी याच खोलीत दादाने तिला ती प्लेट लावून दाखवली होती, "गेला ना?" म्हणून विचारले होते, आणि प्लेटवरून, नव्या सुईखालून, श्वास लख्ख आला होता. तिने तेव्हा कानाडोळा केला होता. मान अशी हलवली होती की तिचा काहीही अर्थ लागावा.

"जुन्यातही येतो, दादा," ती म्हणाली. "मिस्त्रींनी काही केलं नाही. कान गेलेत तुझे. मला तेव्हाच माहीत होतं."

दादाने तल्लीन होऊन मान डोलवली. व्हायोलिनला.

ती बोलली खरी, पण त्याच्या मागे उभी राहून, आवाजाची पट्टी खाली ठेवून, व्हायोलिन चालू असताना. दादाला किती मोठ्याने बोललेले ऐकू येते आणि किती हळू बोललेले येत नाही, हे या जगात तिच्याइतके नेमके कुणाला ठाऊक नव्हते. आणि तिच्या गळ्याने बरोबर त्या रेघेच्या खालचा आवाज निवडला होता. मी निवडला होता. बोलल्याचे पुण्य आणि न ऐकू गेल्याची सोय, दोन्ही पदरात. आठ महिने ती मनाला बजावत होती की त्याला दुखवायचे नाही, म्हातारपणी त्याचा मान घालवायचा नाही, बाबांचे झाले तसे त्याचे व्हायला नको. आणि बाबांच्या ताटासमोर आवाज न काढता ओठ हलवणे म्हणजे तरी दुसरे काय होते? फक्त आता कुणी हसत नव्हते. कुठली दया आणि कुठले काय. मला त्याची भीती होती; त्याला कळल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, याची.

कपबशी वाजली. तिने मान वळवली.

दारात वहिनी उभी होती, हातात चहाचा ट्रे. कधीची उभी होती कोण जाणे. वहिनीचे कान उत्तम होते. ते तिनेच तपासले होते, दादाचे तपासले त्याच दिवशी, त्याच खुर्चीत. वहिनी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तरी चालले असते, धक्का असता तरी चालले असते. तसे काही नव्हते. फार दिवस दुसऱ्या कुणी उचलावे म्हणून वाट पाहिलेले ओझे एकटीनेच धरून उभे असलेले माणूस दिसते तशी वहिनी दिसत होती.

तिने ट्रे टेबलावर ठेवला. दादाच्या समोरून जाऊन फोनवरचे गाणे थांबवले. दादाने डोळे उघडले, वहिनीकडे पाहिले, मग मागे.

"काय झालं? काही म्हणालीस का तू?"

'काही नाही' हे दोन शब्द तिच्या तोंडात तयार होते, आयते, रोजच्या वापरातले. तिने ते ओठांपर्यंत आणलेही.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "मागून नका बोलू. पुढे या."

ती खुर्चीला वळसा घालून गेली. स्टूल ओढून बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर आला तसे डोळे किलकिले झाले, पण तिने मान फिरवली नाही. दादा तिच्या ओठांकडे बघत होता. डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे. आणि हे तो आठ महिने करत आला होता, हे तिला आत्ता दिसले. काय बोलायचे नाही हे तिला इतके दिवस पाठ होते. आता ती पहिला शब्द शोधत होती, आणि तो सापडेपर्यंत तिचा भाऊ, बाबा बघायचे तसे डोळे बारीक करून, तिच्या बंद तोंडाकडे बघत राहिला.